ठेव कोणाची? अमेरिकेतील ऑनलाइन पोकरवरील कारवाई आणि खेळाडू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)



सप्तव्यसनांची नावे पाठशाळेत जाणाऱ्या लहान मुलालाही पाठ असतात आणि त्यांत पहिले नाव द्यूताचे असते. द्यूत त्याज्य आहे, हे या सभागृहात कोणाला पटवून देण्याची आवश्यकता नाही. म्हणून आजचा विषय द्यूताचा निषेध हा नाही. ज्या खेळाकडे राज्यसत्तेने वर्षानुवर्षे अर्धवट डोळेझाक केली, त्याच खेळावर एके दिवशी तिचा हात पडतो. तेव्हा त्यात गुंतलेल्या माणसांचे आणि त्यांनी दुसऱ्याच्या हवाली केलेल्या पैशाचे पुढे काय होते, हा आजचा विषय आहे. अमेरिकेत 15 एप्रिल 2011 रोजी असे घडले. ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय संसदेनेही पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. त्यामुळे दूरदेशीचा हा वृत्तान्त आता आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. पोकर हा बावन्न पत्त्यांचा खेळ. आपल्याकडील तीन पत्तीशी त्याचे नाते आहे. परंतु टेक्सास होल्डेम या ज्या प्रकाराने तो जगभर पसरला, त्यात प्रत्येकाच्या हाती दोन पत्ते झाकलेले असतात आणि पाच पत्ते सर्वांसाठी मधोमध उघडे पडत जातात. कोणता पत्ता येईल हे दैवाधीन. आलेल्या पत्त्यावर किती लावावे, केव्हा माघार घ्यावी, समोरच्याच्या हाती खरोखरच काही आहे की तो नुसती हूल देत आहे, हे ओळखणे मात्र गणिताचे आणि माणसाच्या पारखेचे काम. येथे खेळाडू अड्ड्याच्या मालकाविरुद्ध खेळत नाहीत, परस्परांविरुद्ध खेळतात. ज्याच्या जागेत खेळ चालतो, तो बहुतेक प्रत्येक डावातून आपला लहानसा हिस्सा कापून घेतो. सर्वांच्या खिशांतून निघालेली रक्कम सर्वांच्याच खिशांत परत जात असता मध्येच हा हिस्सा कापला गेला, तर बहुसंख्य खेळाडू अखेरीस तोट्यात राहणार, हे साधे अंकगणित आहे. हिस्सा कापणारा तेवढा हरत नाही.

हा खेळ संगणकाच्या पडद्यावर आला आणि 2003 साली त्याला एक नायक लाभला. टेनेसी राज्यातील एका हिशेबनिसाने पोकरस्टार्स या संकेतस्थळावर 86 डॉलर भरून एक पात्रता स्पर्धा खेळली, तीतून तो लास व्हेगास येथील ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’च्या 10,000 डॉलर प्रवेशशुल्काच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला आणि 25 लाख डॉलर जिंकून घरी परतला. त्याचे नाव ख्रिस मनीमेकर. आडनाव कोणी गंमतीने ठेवलेले नव्हते, ते त्याचे खरेच आडनाव होते. जाहिरातदारांना याहून अधिक काय हवे! त्या वर्षी मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू उतरले होते. 2006 साली ती संख्या 8,773 झाली. महाविद्यालयातील वसतिगृहे, नोकरदारांच्या घरांतील मागच्या खोल्या, सर्वत्र हा खेळ शिरला.

यांतील बहुतेक जण करमणुकीपुरते खेळत. परंतु एक वर्ग असा उदयास आला, की ज्याने त्यालाच उपजीविका केले. त्यांचा हिशेब किराणा दुकानदाराच्या हिशेबासारखा होता : नफ्याचे प्रमाण अत्यल्प, भिस्त सगळी उलाढालीवर. कॅसिनोतील प्रत्यक्ष टेबलावर तासाला साधारण तीस डाव होतात. पडद्यावर एका टेबलावर त्याच्या दुप्पट आणि शिवाय एकाच वेळी आठ, दहा, कित्येकदा त्याहूनही अधिक टेबले उघडून बसता येते. म्हणजे तासाला शेकडो डाव. प्रत्येक डावातून सरासरीने काही सेंट हाती लागले, तरी महिन्याचे घरभाडे निघे. कित्येकांनी शिक्षण अर्धवट सोडले, कित्येकांनी चालू नोकऱ्या सोडल्या. आईवडिलांना काय सांगायचे, हा प्रश्न तेथेही होताच.

कायद्याचे पहिले पाऊल 13 ऑक्टोबर 2006 रोजी पडले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, ते मुळात बंदरांच्या सुरक्षिततेचे होते. इंटरनेटवरील जुगाराविषयीचे कलम त्याला शेवटच्या क्षणी जोडण्यात आले. या कायद्याने खेळणाऱ्याला गुन्हेगार ठरवले नाही. त्याने पैशाची वाट अडवली : बेकायदा जुगारासाठी रक्कम स्वीकारणे हा व्यवसाय करणाऱ्याचा गुन्हा, आणि अशा रकमा रोखणे ही बँकांची जबाबदारी. खेळाडूलाच दोषी धरणारे वॉशिंग्टनसारखे एखादे राज्य वगळता, खोलीत बसून खेळणाऱ्यावर कोणी हात टाकला नाही. लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या पार्टीगेमिंग या कंपनीने तत्काळ अमेरिकेतून अंग काढून घेतले. तिच्या समभागाचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अ‍ॅब्सोल्यूट पोकर या कंपन्या मात्र थांबल्या. पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने हा कायदा आपल्याला लागूच होत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

भूमिका अशी होती खरी, पण वर्तन वेगळेच सांगत होते. बँका पोकरचा पैसा घेईनात, तेव्हा मध्ये दलाल उभे राहिले. सरकारी आरोपपत्रानुसार या दलालांनी इंटरनेटवर खोटी दुकाने थाटली आणि खेळाडूने भरलेली रक्कम बँकेच्या कागदोपत्री गोल्फच्या चेंडूंची किंवा दागिन्यांची खरेदी म्हणून दाखवली. आर्थिक अडचणीत सापडलेल्या एका लहान बँकेत सुमारे एक कोटी डॉलर गुंतवण्याची योजना आखून, त्या बदल्यात पोकरची देवघेव सांभाळण्याची तयारी मिळवण्यात आली, असाही आरोप होता. ज्याला आपला धंदा निर्दोष वाटतो, त्याला तो गोल्फच्या चेंडूंत लपवावा का लागला, हा प्रश्न त्या वेळी फारच थोड्या खेळाडूंनी विचारला. 2009 साली सरकारने अशा दलालांची खाती गोठवली, तेव्हा सुमारे 27,000 खेळाडूंचे मिळून 3 कोटी 40 लाख डॉलर अडकले होते. कंपन्यांनी ते स्वतःच्या पदरचे भरून दिले आणि खेळाडूंचा विश्वास उलट दृढ झाला. धोक्याची घंटा वाजली होती, पण ती स्वागताची घंटा वाटली.

15 एप्रिल 2011 हा शुक्रवार होता. न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील प्रीत भरारा, ज्यांचा जन्म पंजाबातील फिरोजपूरचा, यांच्या कार्यालयाने तिन्ही कंपन्यांच्या संस्थापकांसह अकरा जणांवर बँकांची फसवणूक, बेकायदा जुगार आणि काळ्या पैशाचे व्यवहार असे आरोप ठेवले, पाच संकेतस्थळांची नावे जप्त केली आणि चौदा देशांतील सुमारे 75 बँकखात्यांविरुद्ध आदेश मिळवले. दुपारी ज्यांनी नित्याप्रमाणे संगणक उघडला, त्यांना हिरव्या टेबलाच्या जागी न्याय खात्याच्या व एफबीआयच्या मुद्रा असलेली नोटीस दिसली. पोकरच्या जगात या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ हेच नाव पडले.

आरोपींच्या यादीत खेळाडू एकही नव्हता. तरी त्या दिवशी सर्वाधिक खेळाडूच हादरले, याचे कारण समजून घेतले पाहिजे. पैसे आत पाठवणे 2006 पासून कठीण झाले होते. त्यामुळे जिंकलेली रक्कम बाहेर न काढता संकेतस्थळावरच्या खात्यात तशीच ठेवण्याची सवय सर्वांना जडली होती. कोणाचे त्यात दोनशे डॉलर होते, कोणाचे घर घेण्यासाठी साठवलेले, कोणाची सगळी पुंजीच तेथे. म्हणजे उत्पन्नाचे साधन आणि त्या उत्पन्नातून केलेला संचय, दोन्ही एका दुपारी एकाच दाराआड बंद झाले.

उत्पन्नाच्या बाबतीत प्रत्येकाने आपापली वाट शोधली. तरुण व अविवाहित होते, त्यांनी देशच सोडला. बंदी अमेरिकेतून खेळण्याला होती, अमेरिकी माणसाने अन्यत्र बसून खेळण्याला नव्हती. व्हँकुव्हर आणि टोरांटो, मेक्सिकोतील रोसारितो आणि प्लाया देल कार्मेन, कोस्टा रिका, अशा ठिकाणी चौघे-पाच जण मिळून घर भाड्याने घेऊ लागले. रोसारितो तर सॅन डिएगोपासून सीमेपलीकडे मोटारीने अगदी थोड्या अंतरावर. नवे खाते उघडण्यासाठी तेथील घराचा करार, तेथील बँकेचे खाते अशी कागदपत्रे लागत. ती जुळवून देण्याचा एक लहानसा व्यवसायही उभा राहिला आणि या स्थलांतरितांना ‘पोकर निर्वासित’ असे नाव मिळाले. निर्वासित हा शब्द येथे शोभत नाही. घरदार लुटले गेल्याने देश सोडावा लागलेल्यांच्या पंक्तीत यांना बसवणे हा त्या शब्दावर अन्याय आहे. परंतु बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने भाषा न कळणाऱ्या गावात केवळ इंटरनेटची जोडणी चांगली आहे म्हणून वर्षे काढावीत, यातील एकाकीपणही नाकारता येत नाही.

ज्यांच्यामागे बायकामुले होती, वृद्ध आईवडील होते, त्यांना ही वाट मोकळी नव्हती. त्यांतील काही लास व्हेगास, लॉस एंजेलिस किंवा अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंकडे वळले. तेथे त्यांना कळले, की आपली विद्या तीच असली तरी दुकान बदलले आहे. तासाला शेकडो डाव खेळणारा आता तीस डावांवर आला. पेट्रोल, भोजन, निवास यांचा खर्च वाढला. आणि मोठ्या उलाढालीवर उभे असलेले अत्यल्प नफ्याचे गणित मोडले. मोठ्या रकमा लावल्या तरच भागेल, आणि मोठ्या रकमा लावाव्यात तर पुंजी अडकलेली. काही जण अर्धवट सोडलेल्या शिक्षणाकडे परतले, काहींनी नोकरी शोधली. अर्ज भरताना मधल्या चार-पाच वर्षांच्या रकान्यात काय लिहायचे, ही अडचण त्यांच्यापुढे उभी राहिली. तिसरा एक वर्ग परदेशांतून चालणाऱ्या, कोणाच्याही प्रभावी देखरेखीखाली नसलेल्या लहान संकेतस्थळांकडे गेला. त्याचे काय झाले, ते पुढे येईल.

उत्पन्नाचे असे झाले. संचयाची कथा अधिक गंभीर आहे आणि तिच्यात दोन कंपन्यांमधला भेद लख्ख दिसतो.

सरकारने आठवड्याच्या आतच पोकरस्टार्स आणि फुल टिल्ट यांच्याशी करार करून त्यांची संकेतस्थळे, खेळाडूंचे पैसे परत करण्यापुरती, त्यांना वापरू दिली. पोकरस्टार्सने काही आठवड्यांतच अमेरिकी खेळाडूंची देणी चुकती केली. ही कंपनी आइल ऑफ मॅन या बेटावरील परवान्याने चालत होती. खेळाडूंचा पैसा कंपनीच्या पैशात न मिसळता वेगळा राखण्याचा तेथील नियम होता आणि कंपनीने तो पाळला होता. तिच्या संस्थापकावर गंभीर आरोप होतेच. इसाय शाइनबर्ग यांनी पुढे 2020 साली गुन्हाही कबूल केला. परंतु ठेव ठेवीच्या जागी होती.

फुल टिल्टकडून पैसे आले नाहीत. एप्रिल गेला, मे गेला. कंपनीची निवेदने येत राहिली. रक्कम सुरक्षित आहे, थोडा अवधी द्या, असा त्यांचा सूर असे. इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी या चिमुकल्या बेटाने तिला परवाना दिला होता. तेथील नियंत्रण आयोगाने 29 जून 2011 रोजी तो स्थगित केला आणि संकेतस्थळ साऱ्या जगासाठी बंद झाले. ज्यांच्या देशांत काही बंदीच नव्हती, त्या युरोपीय खेळाडूंचेही पैसे आता अडकले. सप्टेंबरमध्ये प्रीत भरारा यांच्या कार्यालयाने सुधारित तक्रार दाखल केली आणि तीतील आकडे वाचून सर्व थक्क झाले. 31 मार्च 2011 रोजी, म्हणजे कारवाईच्या आधीच, फुल टिल्टला जगभरच्या खेळाडूंचे सुमारे 39 कोटी डॉलर देणे होते. त्यांपैकी अमेरिकेतील खेळाडूंचे सुमारे 15 कोटी. बँकेत होते सुमारे 6 कोटी. आणि एप्रिल 2007 पासून मालक व संचालकांना वाटण्यात आलेली रक्कम होती सुमारे 44 कोटी डॉलर.

त्यात आणखी एक चमत्कारिक प्रकार होता. दलाल मिळेनासे झाल्यावर कंपनी खेळाडूंच्या बँकेतून पैसे प्रत्यक्ष वसूल न करताच त्यांच्या खात्यांत जमा दाखवत होती. असे सुमारे 13 कोटी डॉलर, जे अस्तित्वातच नव्हते, टेबलांवर लावले गेले, हरले गेले, जिंकले गेले. जिंकणाऱ्याच्या खात्यावर शिल्लक दिसत होती. तिच्यामागे काही नव्हते. सरकारने या कंपनीला जागतिक पातळीवरील पॉन्झी योजना म्हटले. पॉन्झी शब्दाची फोड महाराष्ट्रात करावी लागणार नाही. दामदुपटीच्या योजनांत हात पोळलेली घरे गावोगाव आहेत. संचालकांमध्ये हॉवर्ड लेडरर आणि ख्रिस फर्ग्युसन यांसारखे नामवंत खेळाडू होते. नवख्यांनी ज्यांच्याकडे पाहून खाते उघडले तेच हे चेहरे. दोघांविरुद्धचे दिवाणी दावे पुढे दोष कबूल न करता तडजोडीने मिटले. मुख्य अधिकारी रे बिटार यांनी मात्र 2013 साली गुन्हा कबूल केला.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत, हे येथील श्रोत्यांना ठाऊक आहेच. खोट्या दुकानांचे कागद ही उघड कूटलेखक्रिया होय. पण या प्रसंगी विशेष लक्षात येतो तो न्यासापहार. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे ठेवलेली वस्तू. टीकाकारांनी त्याचे स्पष्टीकरण मोठे मार्मिक केले आहे : ठेव ठेवणारा मूळ संख्या विसरून कमी मागू लागला असता ‘बरोबर आहे, तेवढेच होते’ असे म्हणून उरलेले आपल्याकडे राहू देणे, हा न्यासापहार. याची गणना अचौर्याच्या अतिचारांत नाही, सत्याच्या अतिचारांत आहे. ठेव बुडवणारा प्रथम खोटे बोलतो आणि मग पैसा जातो. फुल टिल्टच्या खेळाडूंचे नेमके असेच झाले. त्यांना कोणी लुटले नाही. ‘तुमचा पैसा सुरक्षित आहे’ असे सांगितले गेले आणि ते विधान असत्य होते. ज्या पैशाची प्राप्तीच द्यूतातून झाली, त्याच्या बाबतीत ठेवीचा धर्म कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ठेव घेणाऱ्याचे दायित्व ठेव देणाऱ्याच्या पुण्याईवर अवलंबून नसते. ज्या समाजात पेढ्या विश्वासावर चालल्या, त्या समाजाला हे अधिक सांगायला नको.

वाट पाहण्याचा काळ दीर्घ ठरला. कित्येकांनी आपली अडकलेली शिल्लक इतरांना मोठी तूट सोसून विकली. शंभर डॉलरचा आकडा देऊन हाती येतील तेवढे घेतले. भाडे थकले होते, कर भरायचे होते. कर तर विशेष जाचक होता, कारण जिंकलेल्या वर्षी ते उत्पन्न धरले गेलेले, आणि रक्कम मात्र हाती नाही. अखेरीस 31 जुलै 2012 रोजी तडजोड झाली. पोकरस्टार्सने सरकारला तीन वर्षांत 54 कोटी 70 लाख डॉलर देण्याचे आणि अमेरिकेबाहेरच्या फुल टिल्ट खेळाडूंची 18 कोटी 40 लाखांची देणी स्वतः फेडण्याचे मान्य केले. त्या बदल्यात फुल टिल्टची मालमत्ता तिच्याकडे आली. परदेशी खेळाडूंना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आपली शिल्लक मोकळी मिळाली. अमेरिकी खेळाडूंना मात्र सरकारकडे रीतसर दावा करावा लागला.

तेथे एक प्रश्न निघाला आणि त्यावर महिनोन्‌महिने खल झाला. परत काय द्यायचे? कारवाईच्या दिवशी खात्यावर दिसत असलेली शिल्लक, की खेळाडूने मुळात भरलेल्या रकमेतून त्याने काढून घेतलेली रक्कम वजा जाता उरेल ते? दुसरा हिशेब धरला असता, तर चार-पाच वर्षे खेळून कमावणाऱ्याला काहीच मिळाले नसते. न्यासापहाराच्या त्या जुन्या व्याख्येची येथे आठवण व्हावी. 2013 साली निर्णय झाला तो शिल्लक ग्राह्य धरण्याचा. 28 फेब्रुवारी 2014 रोजी पहिल्या हप्त्यात सुमारे 27,500 जणांना 7 कोटी 60 लाख डॉलर मिळाले. जवळजवळ तीन वर्षे लोटली होती. अ‍ॅब्सोल्यूट पोकरच्या खेळाडूंना तर दावा करण्याची संधीच 2017 साली मिळाली. त्यांतील पुष्कळांनी तोवर ती रक्कम मनातून वजा केली होती.

ज्या सरकारने दार बंद केले, त्याच सरकारने बंद दाराआडचा पैसा दुसऱ्या एका कंपनीकडून वसूल करून खेळाडूंना दिला. खेळाडूंच्या संघटना या कारवाईवर अत्यंत संतप्त होत्या आणि त्यांच्या रागाला आधारही होता. तथापि कारवाई झाली नसती तर खात्यांतील ते पोकळ आकडे आणखी किती फुगले असते, याचा विचार त्या संतापात झाला नाही.

कौशल्य की दैव, या जुन्या वादाचा निकालही त्या काळात लागला नाही. न्यूयॉर्कमधील फेडरल न्यायाधीश जॅक वाइनस्टाइन यांनी ऑगस्ट 2012 मध्ये विस्तृत निकालपत्र लिहून पोकरमध्ये कौशल्य प्रबळ असल्याचे म्हटले. पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि तोही कौशल्याच्या प्रश्नाला हात न घालता. दरम्यान डिसेंबर 2011 मध्ये न्याय खात्याने प्रसिद्ध केलेल्या मतानुसार 1961 चा जुना वायर अ‍ॅक्ट केवळ क्रीडास्पर्धांवरील पैजांपुरता असल्याचे ठरले आणि राज्यांना वाट मोकळी झाली. नेवाडा, डेलावेअर आणि न्यू जर्सी यांनी 2013 साली परवान्याखाली ऑनलाइन पोकर सुरू केले. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन मागून आली. न्यू जर्सीच्या नियमांत खेळाडूंचा पैसा स्वतंत्र खात्यात राखण्याची सक्ती आहे. अनेक राज्यांत मात्र परवानाच नसल्याने तेथील खेळाडूपुढे परदेशी संकेतस्थळे किंवा काहीच नाही, एवढेच पर्याय उरले. ज्या तिसऱ्या वर्गाचा मघाशी उल्लेख झाला, तो येथला. त्यांच्यापैकी अनेकांनी जवळ केलेले लॉक पोकर हे संकेतस्थळ 2015 साली देणी न फेडता नाहीसे झाले. त्या वेळी वसुली करून देणारे कोणी पुढे आले नाही.

आता आपल्या देशाकडे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1967 च्या निकालात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले, आणि पुढे याच तत्त्वाच्या आधारावर पत्त्यांची सर्व ऑनलाइन दुकाने उभी राहिली. पोकरविषयी मतभेद होते. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली तो जुगारच ठरवला होता. 2025 च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती 22 ऑगस्टला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांपुरता त्याने कौशल्य आणि दैव हा भेदच बाजूला ठेवला. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पैशाची देवघेव करून देणाऱ्या बँकेस वा संस्थेसही तशीच शिक्षा. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. अमेरिकी कायद्याशी साम्य आहे ते येथे : पैशाची वाट अडवायची, खेळणाऱ्याला सोडायचे. पोकरबाझीसारख्या कंपन्यांनी त्याच आठवड्यात पैशाचे खेळ थांबवले आणि शिल्लक काढून घेता येईल, असे खेळाडूंना कळवले. गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या जहाजांवरील टेबले या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, कारण तो केवळ ऑनलाइन खेळांपुरता आहे. तेथे गोव्याचा स्वतःचा कायदा चालतो.

मुंबई-पुण्याच्या, सांगली-कोल्हापूरच्या घरांतील जो तरुण ऑगस्ट 2025 पर्यंत मोबाइलवर हे खेळ खेळत होता, त्याच्यापुढे आज 2011 च्या अमेरिकी खेळाडूसारख्याच वाटा आहेत. तो परदेशी राहायला जाणार नाही, कदाचित गोव्यालाही जाणार नाही. अधिक संभव हा, की कोणीतरी मित्र त्याला परदेशातून चालणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचे नाव सांगेल, पैसे आत पाठवण्यासाठी कोणा अनोळखी व्यक्तीचे खाते किंवा क्यूआर कोड देईल, आणि ती रक्कम बँकेच्या नोंदीत भलत्याच कशाची तरी खरेदी म्हणून दिसेल. त्या संकेतस्थळाचा परवाना कोठला, खेळाडूंचा पैसा कोणत्या बँकेत, तो वेगळा ठेवला आहे की मालकाच्या पैशात मिसळला आहे, हे त्याला कोणी सांगणार नाही. आणि ते दार बंद झाले, तर आपली तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी त्याला प्रथम आपण काय करत होतो, हे घरात सांगावे लागेल.